फिगर नव्हे, फिगर्स

झरी जामणी तालुक्यातल्या एका गावात मी अंगणवाडी चालवते. शिक्षण दहावीपर्यंत, मराठीतून. बैठकीत कोणी इंग्रजी बोललं की मी मान हलवते आणि अर्थ नंतर शेजारणीला विचारते.

मागच्या वर्षी लागोपाठ दोन महिने माझ्याकडच्या बहुतेक लेकरांची वजनं कमी दिसायला लागली. लेकरं हुंदडत होती, खिचडी मागून मागून खात होती, तरी वजनाच्या कार्डावरची रेघ खाली चाललेली. मला काट्याचीच शंका आली.

तालुक्याच्या बैठकीत आमच्या प्रकल्प अधिकारी साहेबांनी मला उभं केलं. "बाई, मुलांचा आहार जातो कुठे?"

चोर ठरवल्यासारखं वाटलं. म्हटलं, "साहेब, काटा बिघडला असन."

"असेल-नसेल नको. फॅक्ट्स अँड फिगर्स घेऊन बोला."

मला वाटलं, आकडेच मागतायत. वजनांचं रजिस्टर वर धरलं आणि म्हणाले, "हाये ना साहेब, माह्याजवळ फिगर हाये!"

मागच्या रांगेत कोणी तरी फिसकन हसलं, मग सगळी खोली. फिगर म्हणजे बाईचा बांधा, एवढं मलाही ठाऊक होतं, पण शब्द तोंडातून गेला होता. साहेबांनी हसू दाबत पुढच्या सेविकेचं नाव घेतलं. मी बसले. काट्याची गोष्ट तशीच राहिली.

माझी मुलगी यवतमाळला नर्सिंग शिकते. तिला फोन केला तर आधी तीही हसली. मी फोन ठेवायला निघाले, तेव्हा वरमली.

"आई, ते जोडीनंच म्हनतेत. फॅक्ट्स अँड फिगर्स. दोन्हीच्या शेवटी स. फॅक्ट्स म्हंजे खरं काय घडलं ते, अन् फिगर्स म्हंजे त्याचे आकडे."

"मंग माह्याजवळ आकडे तं होते."

"होते, पन काटा खोटा हाये हे त्याच्यातून कुठं दिसते?"

तिचं म्हणणं पटलं. दुसऱ्या दिवशी दुकानातून पाच किलो आट्याची बंद थैली आणली आणि आमच्या काट्याला टांगली. काटा चारच्या जरासा पुढे जाऊन थांबला. तीनदा टांगली, तीनदा तेच. मग चार लेकरांना त्यांच्या आयांसोबत आरोग्य उपकेंद्रात नेलं आणि तिथल्या काट्यावर तोललं. प्रत्येक लेकरू तिथं जवळजवळ किलोभर जास्त भरलं. कागदावर दोन रकाने आखून सगळं लिहिलं, खाली उपकेंद्राच्या सिस्टरची सही घेतली. स्वयंपाक करताना ते इंग्रजी शब्द घोकत होते. नवरा म्हणाला, "काय मंत्र म्हनून राह्यली वं?"

पुढच्या बैठकीला पिशवीत काटा आणि थैली दोन्ही नेलं. नाव पुकारलं तशी कागद पुढे करून उभी राहिले.

"साहेब, मागच्या खेपेला माहा शब्द चुकला. आज फॅक्ट्स अँड फिगर्स आनले."

कोणी हसलं नाही. साहेबांनी कागद वाचला. शिपायाला खिडकीच्या गजाला काटा अडकवायला सांगितलं आणि थैली स्वतः टांगली. काटा पुन्हा चारच्या पुढे थांबला.

"ताई, मागच्या वेळी मी जरा घाईनं बोललो," ते म्हणाले. "नवा काटा पाठवतो."

छातीवरून धोंडा उतरला. स्टँडवर येऊन दोन आलूबोंडे घेतले आणि बाकावर बसून निवांत खाल्ले. दोन महिन्यांत अन्नाला अशी चव लागली नव्हती.

पंधरा दिवसांनी काटा आला. सगळ्या लेकरांना पुन्हा तोललं. दोघं खरोखरच कमी भरली, त्यांचा जादा आहार सुरू केला. बाकीच्यांची वजनं ठीक निघाली. मी एकेका आईला कार्ड दाखवून तिच्या लेकराची रेघ समजावत होते आणि आया एकमेकींची कार्डं ओढून बघत होत्या.