आश्रुबाला बाहेर काढलं तेव्हा

योगिता देवकते लिंबागणेशजवळच्या मेंढपाळाच्या घरातली. बीडला कॉम्प्युटर शिकली आणि तिथंच एका छोट्या कंपनीत लागली. कंपनी मेंढपाळांसाठी मोबाईल ॲप बनवत होती. कळपात रोग दिसला की ॲपमध्ये बोलून कळवायचं आणि डॉक्टरचा सल्ला ऐकायचा. ते अजून सगळ्यांसाठी खुलं नव्हतं. नवी आवृत्ती निघाली की आधी ओळखीच्या काही मेंढपाळांच्या फोनवर जायची. ते वापरून बघायचे, काय खटकतं ते सांगायचे. नवी आवृत्ती कुणाला द्यायची, कुणाला नाही, हे योगिताकडं होतं. तिचा एक छोटा प्रोग्राम एपीआयमार्फत सर्व्हरला परस्पर हुकूम सोडायचा : याला आत घे, त्याला बाहेर काढ.

दिंद्रुडकडचा आश्रुबा या सगळ्यांत उत्साही. लिहिता येत नव्हतं, म्हणून ॲपमधूनच आवाजात निरोप धाडायचा.

"पोरी, तुजं बटन लई बारीक हाय. माझ्या बोटाखाली दोन दोन दबत्यात."

मागं वारा, कुत्र्याचं भुंकणं, मेंढरांच्या घंट्या. योगिताला ऑफिसात बसल्याजागी माळ दिसायचा.

उन्हाळ्यात रानात आश्रुबाला पान लागलं, साप चावला. दवाखान्यात नेईपर्यंत विष अंगभर गेलं होतं. त्याच्या पोरानं, माऊलीनं, फोनवर कळवलं. योगितानं यादीत त्याचं नाव शोधलं. मग त्याला बाहेर काढ, असा हुकूम सोडला. सर्व्हरचं उत्तर आलं : काढलं.

पुढची आवृत्ती गेली आणि दुपारी एक निरोप आला.

"पोरी, नवं आलं न्हाई मला. कावून?"

आवाज आश्रुबाचा होता. तिनं तो आवाज अंगदसरांना ऐकवला. कंपनी त्यांचीच.

"माळावर रेंज नसती," ते म्हणाले. "जुना निरोप अडकून पडला असंल, आता सुटला."

तिला पटलं. त्या महिन्यात तिनं बटन मोठं केलं, निळं केलं. ती आवृत्ती धाडली, आणि पुन्हा तोच आवाज.

"निळं केलंस म्हणं बटन. मला न्हाई दावलंस?"

हा निरोप जुना असूच शकत नव्हता. योगितानं पुन्हा पुन्हा ऐकला. तेव्हा तिच्या ध्यानात आलं की आवाजामागं वारा नव्हता, घंट्या नव्हत्या. काहीच नव्हतं. भांड्यात तोंड घालून बोलल्यागत आवाज. तिनं सर्व्हरला विचारलं, हा माणूस आत आहे का? उत्तर आलं : नाही.

माऊली बापाचा फोन वापरत असेल, अशी आशा धरून ती दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं दिंद्रुडला गेली. आश्रुबाची बायको रतनबाई दारात कोकराला दूध पाजत होती. योगितानं विचारताच माऊली तिच्याकडं बघतच राहिला.

"ताई, फोन दादांच्या उशाशी ठिवलाय," तो म्हणाला. "आमच्यात पुरत्यात. त्यांचा लई जीव होता त्याच्यावर, म्हणून आईनं ठिवाया लावला."

त्यानं शेताच्या कडेची बाभळ दाखवली. तिच्याखाली दगड रचलेले होते.

योगितानं निरोप ऐकवले. रतनबाईनं डोळे मिटून ऐकलं.

"ह्येंचाच हाय," ती म्हणाली. मग डोळे उघडून बोलली, "पर मागं वारं कावून न्हाई?"

ती योगिताकडं वळली.

"त्यास्नी तू काढलंस का, पोरी?"

"माणूस गेल्यावर काढावं लागतं, मावशी."

"रेशनातनं काढलं, मतदानातनं काढलं. आमी काय बोललो न्हाई. पर त्ये तुला इचारत्यात ना? मग घे की आत."

योगितानं ओट्यावर लॅपटॉप उघडला, मोबाईलवरून नेट जोडलं. आश्रुबाला आत घे, एवढाच हुकूम. सर्व्हर म्हणाला, घेतलं. तिनं लॅपटॉप मिटायला हात नेला, तोच खाली दुसरी ओळ उमटली : आवृत्ती फोनवर बसली.

माऊलीनं वाकून ती ओळ वाचली. बाभळीखालच्या दगडांवर एक सरडा बसला होता, तो सर्रकन उतरून पळाला. रतनबाईनं तिकडं बघितलं, पदर सावरला आणि कोकराच्या तोंडात पुन्हा बाटली दिली.

"घेतलं का त्यांनी?" तिनं विचारलं.

"घेतलं, मावशी."

"बरं झालं."

त्यानंतर आश्रुबाचा आवाज कधी आला नाही. मात्र दर नव्या आवृत्तीला त्याच्या नावापुढं ती बसल्याची खूण येते, बहुतेक वेळा सगळ्यांच्या आधी. ॲप खुलं व्हायची वेळ आली तेव्हा अंगदसर म्हणाले, "आता तरी त्यांना काढ, योगिता."

तिनं आपली खुर्ची मागं सरकवली. "तुम्ही काढा, सर."

अंगदसर येऊन बसले. हुकूम टाईप केला. मग अक्षर अक्षर करून तो पुसला आणि चहा सांगायला बाहेर गेले.