खालचं खातं खलास

पोलीस खात्यात तीस वर्षं काढली, पण मला आजही झोपू न देणारं प्रकरण निवृत्तीनंतरचं आहे. निरीक्षक म्हणून मुंबईत निवृत्त झालो आणि दुबईच्या जबल अली बंदराजवळच्या एका कंपनीत सुरक्षा अधिकारी झालो. कंपनीची आफ्रिकेत एक सूतगिरणी होती, इंग्रजांनी बांधलेली. तिथे युद्ध पेटलं आणि तोफगोळ्यांनी ती गिरणी एका दुपारी जमीनदोस्त झाली.

कामगारांना दोन बसनी बाहेर काढलं होतं. इचलकरंजीचा एक फिटर तेवढा मागे राहिला. मदत पथकाला त्याचा मृतदेह फाटकाच्या आतल्या बाजूला सापडला. पाय मोडलेला होता, म्हणजे तळघरातल्या खात्यातून सरपटत आला होता. त्याची बायको रोज ऑफिसला फोन करून एकच विचारायची, "बस का थांबली नाही?" चौकशी माझ्याकडे आली.

बस सोडणारा मॅनेजर वसईचा, वीस वर्षं आखातात मुरलेला. सगळे निघाल्याचा निरोप मिळाला होता, एवढंच तो सांगायचा. खबर दिली ती दुबईत परतल्यावर तो राहत होता त्या मुहैस्नाहच्या कामगार कॅम्पातल्या आचाऱ्याने. "साहेब, मॅनेजरच्या मोबाईलमध्ये एक व्हॉइस मेसेज आहे. रोज कानाला लावून बसतो, कोणाला ऐकू देत नाही."

मी मोबाईल मागितला. मॅनेजरने तो पुढे केला. मागे धडाके आणि फिटरचा आवाज: "साहेब, खालचं खातं खलास. गेट..." पुढे काही नाही.

माझं डोकं फिरलं. "खालचं खातं उद्ध्वस्त झालं हे ऐकून तू बस सोडलीस?"

"नाही साहेब. मी विचारलं होतं, खालचं आटपलं का. तो खलास म्हणाला. मला वाटलं, ऑल आउट, गेटवर आलेत. दुसऱ्या बसमध्ये चढला असेल असं समजलो."

तीन दिवस त्याला उलटसुलट विचारलं. खोटं बोलणारा दर वेळी थोडी भर घालतो. हा मात्र तेवढंच बोलायचा. तरी मला पटेना, कारण पोलीस ठाण्यात 'खलास'चा एकच अर्थ असतो, संपला.

चौथ्या दिवशी सकाळी गोदामात जबाब लिहीत बसलो होतो. आपला रत्नागिरीचा फोर्कलिफ्टवाला ट्रकमध्ये शेवटचा खोका चढवून वॉकीटॉकीवर ओरडला, "तीन नंबर खलास! यल्ला, गाडी सोडा!" क्लार्कने मान वर न करता गेटपासवर शिक्का मारला. माझं पेन थांबलं.

फिटरची फाइल काढली. तो भरती होऊन थेट गिरणीवर गेला होता, दुबईत एक दिवसही राहिला नव्हता. त्याचं 'खलास' आपल्याकडचं होतं, सगळं संपलं; मॅनेजरने ऐकलं ते इथलं, अरबी, काम झालं.

मॅनेजरला म्हणालो, "तू खरं बोलत होतास." त्याला हायसं वाटेल अशी माझी कल्पना. तो हात जोडून म्हणाला, "साहेब, असं लिहू नका. मी घाबरून पळालो असं लिहा. मी सही करतो. त्याच्या बायकोला शिव्या घालायला कोणीतरी हवं ना?"

आयुष्यभर मी लोकांकडून गुन्हे वदवून घेतले. न केलेला गुन्हा असा मागून घेणारा हा एकच. मी तो जबाब घेतला नाही. फिटरच्या बायकोला फोन लावला आणि जे घडलं ते सांगितलं.

ती म्हणाली, "म्हणजे यांनी हाक मारली होती?"

मी हो म्हणालो. खरं कळलं की माणसाचं मन हलकं होतं, असं मी नव्या फौजदारांना सांगत आलो होतो. आता कोणी विचारलं तरी सांगत नाही.