बसली का? बसली!

आधी कबूल करा, हसणार नाही. चहा नाकातून आला तर मी जबाबदार नाही! कारण भर दुपारी मुरबाडच्या रस्त्यावर मी जो गाढवपणा केला, तो आमच्या अख्ख्या शहापूर तालुक्यात अजून कुणी केलेला नाही.

झालं असं, की मला मोठी मोटारसायकल घ्यायची होती. घरी शंभर सीसीची जुनी गाडी. बारा वर्षं तिच्यावरूनच रोज आटगावच्या कारखान्यात जातोय. पण आमची वंदना, म्हणजे बायको, मागे बसली की खड्ड्याखड्ड्याला तिची कंबर दुखायची. मी म्हटलं, साडेतीनशे सीसीची घेऊ, पलंगावर बसल्यासारखं वाटेल तुला.

"पयले तुमचे पाय जमिनीला पोचतात का बघा," ती म्हणाली.

खोटं कशाला बोलू? पोचत नव्हते. नुसते अंगठे टेकायचे.

मुरबाडला एक रिटायर्ड फौजी आपली तसलीच मोठी गाडी विकणार होते. ठरलं असं, की वंदनाने मागे बसून वैशाखऱ्यापर्यंत यायचं. तिथे तिची बहीण राहते. कंबर दुखली नाही तर गाडी घ्यायची. दुखली तर आयुष्यात पुन्हा मोठ्या गाडीचं नाव काढायचं नाही. म्हणजे माझा सगळा निकाल त्या कंबरेच्या हातात!

फौजी म्हणाले, "चार वाजता कल्याणचं गिऱ्हाईक येतंय. त्याच्या आत काय ते सांगा. आणि एक ऐका दादा. गाडी पडली तर तुमची!"

आमची जुनी गाडी त्यांच्या अंगणात लावली, किल्ली त्यांच्या हातात दिली आणि ओट्यावर चढून एकदाचा त्या धुडावर बसलो. गाडी सुरू केली, तर सगळं अंगण धडधडायला लागलं.

वंदनाकडे बहिणीला द्यायचं ब्लँकेट होतं, चेनच्या प्लॅस्टिक पिशवीत, चांगलं गुबगुबीत. ती मागे काहीतरी खटपट करत होती. मला मान वळवायची सोय नव्हती. वळवली की गाडी कलायची.

"बसली का गो?" मी ओरडलो.

"बसली!"

आता इथे जरा व्याकरण ऐका. पुस्तकातली बाई म्हणते, 'मी बसले.' आमच्याकडची म्हणते, 'मी बसली.' बाईही बसली आणि पिशवीही बसली! वंदनाने पिशवी सीटच्या दांडीत घट्ट बसवली होती आणि पदर खोचायला ती दोन पावलं मागे सरकली होती.

मी क्लच सोडला.

काय सांगू, काय गाडी! मागे बाई बसलीय, पण भार म्हणून कळत नाही! पाठीला मऊमऊ लागत होतं. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण इतकी टेकून ती कधी बसली नव्हती. मला भरूनच आलं.

पण जीव मुठीत होता हो! थांबायचं तर शेजारी ओटा नाहीतर कठडा पाहिजे, नाहीतर गाडी आडवी आणि माझ्या गळ्यात. प्रत्येक स्पीडब्रेकरला देवाचं नाव.

सरळगाव आलं. "कंबर कशी हाय?" मी विचारलं. "दुखत नाय ना?" तेवढ्यात खड्डा आला आणि पाठीला दोन धक्के बसले. मी समजलो, होकार!

समोरून येणारा जो तो हात हलवून खुणा करत होता. मला ठाऊक होतं, नव्या गाड्यांचा लाइट दिवसाही चालू राहतो, तो बंद करा म्हणून लोक उगाच सांगतात. मी रुबाबात मान हलवायचो. एक म्हातारी तर ओरडली, "मागं! मागं!"

मला ऐकू आलं, "महाग! महाग!"

"नाय आजी, सेकंडहँड हाय!" मी ओरडलो.

मग आरशात बघतो तर एक खटारा गाडी, वर दोघं जण, हॉर्न वाजवत मागे लागलेली. मी मान वाकडी करून म्हटलं, "वंदना, बघ बघ, कोण भंगार घेऊन आपल्याशी शर्यत लावतोय!" आणि दिली पिळून मूठ. टोकावड्याच्या पुढे खटारा दिसेनासा झाला.

वैशाखऱ्याला मेहुणीच्या ओट्याला गाडी चिकटवली, पाय ओट्यावर टेकला. मेहुणी कुंदा बाहेर आली.

"भावजी, ताई कुठंय?"

"ही काय मागं!"

कुंदा माझ्या पाठीमागे बघतच राहिली. मी पहिल्यांदा मान वळवली. पिशवीतून ब्लँकेटवरचा वाघ माझ्याकडे बघत होता.

हसताय काय? वंदना कुठे पडली? सरळगावच्या खड्ड्यात? लोक तेच तर सांगत होते! फोन करावा तर माझा फोन तिच्याच पर्समध्ये. घरी जाऊन आता हाक कुणाला मारू, एवढंच मनात येत होतं.

आणि हॉर्न वाजला. तोच खटारा! पुढे फौजी, मागे वंदना, केसांत धूळ, पण धडधाकट. आणि खटारा? आमचीच जुनी गाडी! बारा वर्षांची सोबतीण, मी तिला आरशात ओळखलं नाही. मी खाली उडी मारली. कुंदाने हँडल धरलं म्हणून मोठी गाडी वाचली.

"किती हाका मारल्या वो!" फौजी म्हणाले. "तुमी तर पळतच सुटले! पण ही तुमची जुनी गाडी लय भारी हाय. वहिनींना घेऊन इथवर आली, दमली नाय."

मी वंदनाजवळ गेलो. डोळ्यांत पाणी होतं, लपवलं नाही. तरी तोंडातून काय निघावं? "कंबर दुखली का गो?"

"त्या ब्लँकेटला इचारा," ती म्हणाली. "वाटभर मान वाकडी करून त्याच्याशीच बोलत होते ना? लांबनं दिसत होतं मला."

मी नाद सोडला; फौजींनी मोठी गाडी मुरबाडला परत नेली आणि चार वाजता कल्याणच्या माणसाने ती घेतली. ती काही पडली नाही. तोंडघशी मीच पडलो.

आता जुन्याच गाडीवर निघताना मी विचारतो, "बसली का?" आणि जन्मात कधी पुस्तकी मराठी न बोललेली आमची वंदना भर बाजारात ठणकावून सांगते, "मी बसले आहे!" तरी मी एक हात मागे नेऊन चाचपतोच.

"काय चाचपता?" ती म्हणते. "ब्लँकेट कुंदाकडं हाय."