टाळी का वाजवलीत?

१८ नोव्हेंबरची गोष्ट. पडवीत उडीद निवडत होते, तेवढ्यात शेजारचे सर येऊन बसले. गाण्याची मजा घालवण्यात या सरांचा हात धरणारा माणूस अख्ख्या जव्हार-मोखाड्यात सापडणार नाही. विज्ञान शिकवून निवृत्त झाले, पण शिकवणं काही सुटलं नाही. संमेलनात कुणी कविता म्हटली की हे मागच्या रांगेतून विचारणार, "टाळी का वाजवलीत?" मग स्वतःच सांगणार, की पुढे काय येईल याचा मेंदू सतत अंदाज बांधतो आणि यमक जुळलं की स्वतःवरच खूश होतो. खोडाळ्याच्या एका लग्नात बाया भिंतीवर पिठाने लग्नाचा चौक लिहीत होत्या, लग्न लावणारी धवलेरी गात होती. आमच्या अंगावर काटा आला, तर हे तिचीच नाडी बघायला गेले. ती म्हणाली, "हात सोड मास्तर. ताप नाय मला, गाणं हाय."

त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, जामसरच्या. भांडी घासतानासुद्धा आपल्या बोलीत गायच्या. सर त्यांनाही मेंदू समजावत. त्या म्हणत, "झालं सांगून? मंग गाऊ?"

या पावसाळ्यात वहिनींना झटका आला आणि वाचा गेली. बोलणं गेलं तरी कधी कधी गाणं शाबूत राहतं, ओळखीच्या चालीवर शब्द परत येऊ शकतो, हे सरांना ठाऊक होतं. त्यांनी रेडिओ लावला, शाळेच्या प्रार्थना म्हटल्या. वहिनी नुसत्या भिंतीकडे बघत राहिल्या.

"बाई, तिच्या गाण्यातली एखादी ओळ येते का हो तुम्हाला?" सरांनी विचारलं.

"बोललेलं कळतं, पण गाण्यातले शब्द मला लागत नाहीत. तुम्हाला येत असेल की."

"ती चाल गोड का लागते, ते सांगेन," सर म्हणाले. "चाल नाही सांगता येत."

मी सूप खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या जीपने जामसर गाठलं. वहिनींची बहीण खळ्यात नागलीची कणसं झोडत होती. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "गाणं तीच धरं. शब्द दर खेपेला नवं घाली. आमी नुस्तं मागून वढू. तिनं धरल्याबिगर मना काय येल?"

तरी तिला जीपमध्ये बसवून आणलं. ती वहिनींच्या समोर जमिनीवर बसली, त्यांचा हात हातात घेतला आणि त्यांनी गाणं धरायची वाट बघू लागली. सरही तिच्याशेजारी बसले. मागून ओढायला.