सुतकातले गोड गहू

क्वीन्सटाउनला आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एक रशियन आजी राहतात. मुलगा इथे नोकरीला, म्हणून त्याही इथे. लिफ्टमध्ये भेटल्या की माझ्या पोटाकडे बघून हसायच्या, एवढीच ओळख.

मला आठवा महिना लागला आणि पुण्यात बाबा गेले. डॉक्टरांनी विमानाचं नाव काढू दिलं नाही. भावाने दिलेला अग्नी मी फोनवर पाहिला, तोही अर्धाच, नेटवर्क गेलं. बाबांसाठी माझ्या हातून काहीच झालं नाही, हे मला खात होतं. समजूत घालणाऱ्यांचा तर रागच यायचा. म्हणे, बाळाचा विचार कर!

दुसऱ्या दिवशी आजी वाडगा घेऊन आल्या. माझ्या नवऱ्याने त्यांना सांगितलं होतं. वाडग्यात उकडलेले गहू, मध, बेदाणे, खसखस. मी म्हटलं, "आजी, आमच्यात सुतकात गोड खात नाहीत."

"आमच्यात हे गेलेल्या माणसासाठीच करतात," त्या मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या आणि न सांगताच बसल्या.

त्यांचे वडील ऑर्थोडॉक्स पाद्री. सोव्हिएत सरकारने गावातल्या चर्चचं कोठार केलं, तरी ते घरोघरी जाऊन मेलेल्यांसाठी प्रार्थना म्हणत. दारं लावून, कुजबुजत. एका शेजाऱ्याने चुगली केली आणि त्यांची रवानगी सक्तमजुरीच्या छावणीत झाली. कित्येक वर्षांनी परतले तेव्हा तोंडात दात नव्हते. आल्या आल्या त्यांनी विचारलं, माझ्यामागे कोण कोण गेलं? तो शेजारीही गेला होता. सगळ्यांसाठी गहू शिजवायचे म्हणाले. आजींच्या आईने पातेलं आपटलं. "त्याच्यासाठीसुद्धा?"

"त्याच्यासाठी दुसरं कोण करणार?" वडील म्हणाले.

खड्ड्यात गेलं सुतक! मी चमचा उचलला. रडत रडत पोटभर खाल्लं. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच घास घशाखाली नीट उतरला. आजींचे आणि मी कधीही न पाहिलेल्या त्या पाद्रीबाबांचे उपकार माझ्याने फिटायचे नाहीत.

आजींनी बाबांचं नाव विचारलं. त्यांना ते जमेना, दोनदा सांगावं लागलं. दार सताड उघडं होतं, कॉरिडॉरमधून माणसं जात होती. मी लावायला उठले, तर त्यांनी हात धरून मला बसवलं. मग स्वतः उभ्या राहिल्या आणि प्रार्थनेत माझ्या बाबांचं नाव घेतलं. मोठ्याने, अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं.