पाठीवरचं गोंदण
एमआरटी ट्रेनमध्ये समोरच्या मुलीच्या मनगटावर टॅटू दिसला आणि आई आठवली. इथे परदेशात, पासिर रिसच्या आमच्या फ्लॅटवर ती पहिल्यांदा आली, तेव्हा मी तिला एका प्रदर्शनाला नेलं होतं. तिथे उघड्या पाठीचा एक माणूस स्टुलावर निश्चल बसला होता. बेल्जियमच्या एका खोडसाळ कलाकाराने त्याच्या संमतीने ती पाठ गोंदवून एका श्रीमंताला विकली होती. एसीच्या गारठ्यात लोक पाठीचे फोटो काढत होते. आई मात्र वळसा घालून त्याच्या तोंडासमोर जाऊन उभी राहिली. "थंडी वाजत असेल गं याला." हा मेला की कातडी काढून फ्रेममध्ये लावणार, असं मी पाटीवर वाचून तिला सांगितलं. तिने मनगटावरचं आपलं तुळशीच्या रोपाचं हिरवं गोंदण चाचपलं. "सोनंनाणं इथंच राहतं, गोंदण तेवढं आपल्यासोबत येतं. मग याच्याबरोबर काय जाणार?" कुणीतरी हे विचारावं म्हणूनच त्या कलाकाराने एवढा खटाटोप केला असावा, असं आता वाटतं. गेल्या वर्षी आई गेली. तिच्या पाटल्या उतरवून मला दिल्या. त्यांच्याखालचं तुळशीचं रोप मात्र कुणाला काढून घेता आलं नाही.