आडनावाचा रकाना

दुसऱ्याच्या कामातली खोट काढणे हेच ज्याचे काम, त्याच्या वाट्याला कृतज्ञता येत नाही, हे पूंकोडीला कोइमतूरच्या नोकरीने फार लवकर शिकवले होते. ती सॉफ्टवेअर तपासणारी, म्हणजे टेस्टर. प्रोग्रॅमरांनी मुदत टळून गेल्यावर मोठ्या तोऱ्यात हाती ठेवलेले काम उरल्यासुरल्या वेळात तपासायचे, दोष नोंदवायचे आणि ते दोष नव्हेतच असे ऐकून घ्यायचे, अशी ही साधना. ‘माझ्या मशीनवर तर चालतं,’ असे इळंपरिती हा प्रोग्रॅमर नेहमी म्हणे. जगात सारे सुरळीत चालणारी ती एकमेव जागा म्हणून नवरात्रातल्या आयुधपूजेला पूंकोडीने त्याच्या मशीनला चंदनाचा सर्वांत मोठा टिळा लावला होता. सवय घरीही सुटत नसे. नवऱ्याने रसम केले की ते कसे झाले हे ती सांगत नसे. कुठल्या पायरीला बिघडले ते सांगे.

या खेपेस काम होते डोळ्यांच्या एका रुग्णालयाचे. रुग्णांची नावनोंदणी, आणि पाळी आली की फलकावर आडनाव. सॉफ्टवेअरचा मूळ सांगाडा परदेशी होता; त्यात आडनावाचा रकाना भरल्यावाचून पुढे जाता येत नसे. पूंकोडीने दोष नोंदवला, इळंपरितीने ‘मागणीनुसार’ असा शेरा मारून तो बंद केला. तिने पुन्हा उघडला, त्याने पुन्हा बंद केला. वास्तविक कंपनीच्या त्या मजल्यावर आडनाव असलेला एकही माणूस नव्हता. वडिलांच्या नावाचे आद्याक्षर आणि स्वतःचे नाव, एवढ्यावर सर्वांचे आयुष्य निभावले होते. कुणी आडनाव मागितलेच तर तिथे एक टिंब द्यायचे. ज्या खड्ड्याला वळसा घालायची सवय लहानपणापासून जडलेली असते, तो खड्डा वाटतच नाही.

शुक्रवारी सॉफ्टवेअर सुपूर्द करायचे होते. पूंकोडीची मंजुरी तेवढी उरली होती. ती दिली आणि सोमवारी दवाखान्यात गोंधळ उडाला, तर ‘टेस्टिंगला दिसलं कसं नाही?’ हा प्रश्न कुणाला विचारला जाणार, हे तिला पाठ होते.

“अक्का, एका टिंबासाठी सगळं अडवून धरणार?” इळंपरिती म्हणाला.

“तंबी,” धाकट्या भावाला हाक मारावी तशी ती म्हणाली, “आईचा मोतीबिंदू कधी काढायचाय?”

“पुढच्या महिन्यात. का?”

“मग घाल की तिचं नाव.”

त्याने ‘चिन्नत्तायी’ असे टाकले आणि आडनावापाशी बोट थांबले. माहेरचे आद्याक्षर वेगळे, सासरचे वेगळे. त्याने फोन लावला. अम्माचा आवाज शेजारच्या तीन टेबलांना ऐकू गेला.

“इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नाही! तुझ्या कंपनीला दुसरा उद्योग नाही का रे? जेवलास?”

त्याने निमूटपणे टिंब दिले. पूंकोडीने त्याच्या वडिलांचेही नाव घालायला लावले. पुन्हा टिंब. एवढ्यात दोघांचे वरिष्ठ आदिमूलम मागे येऊन उभे राहिले. त्यांचेही नाव गेले, टिंबासह. मग तिने कळ दाबली. फलकावर ‘कृपया आत यावे’ आणि त्यापुढे एक टिंब उमटले.

“आता आत कोण जाणार, सर?”

“जो आधी उठेल तो,” आदिमूलम हसले.

“आणि अम्माच्या जागी तुमचाच डोळा कापला तर?”

आदिमूलम यांचा हात नकळत चष्म्याकडे गेला. ते म्हणाले, “सोमवारी देऊ. पण टेस्टिंगमुळे उशीर झाला, असं कळवावं लागेल मला.”

“कळवा की. नाहीतरी आजवर दुसऱ्या कुणामुळे झालाय?”

संध्याकाळी इळंपरितीने तिला विजयी मुद्रेने बोलावले. आडनावाचा रकाना गेला होता. फलकावर आता नाव झळकत होते.

“झालं, अक्का! आता तरी मंजुरी?”

पूंकोडीने खुर्ची ओढली. चिन्नत्तायी असे नाव टाकले. मग आणखी एका रुग्णाचे तेच नाव टाकले.

“आता आणखी काय?”

“अख्ख्या कोइमतुरात चिन्नत्तायी एकच आहे का रे?”

इळंपरितीने कपाळाला हात लावला आणि मग तोच हात लांबवून घरी फोन केला, जेवायला थांबू नका म्हणून.